सांध्यापलीकडची बोटं

ही गोष्ट कुणाला सांगितली तर मला वेड्यात काढतील. तुम्हीही काढा. माझ्या बाकीच्या गोष्टींना मीठमसाला लागतो. हिला चिमूटभरही लागला नाही, एवढंच आधी सांगून ठेवतो.

नवरा गेल्यावर आमच्या शेजारच्या वहिनींकडे उरलं होतं घराच्या मागच्या खोलीतलं त्याचं वेल्डिंगचं मशीन आणि नवऱ्याशेजारी बसून शिकलेलं निम्मंशिम्मं काम. दिराला मशीन विकून ती खोली भाड्यानं द्यायची होती. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. एका सकाळी त्यानं वहिनींनी जोडलेला एक पत्रा उचलून उजेडाला धरला.

"चाळणी हवी तर बाजारात मिळते की, वहिनी!"

"संध्याकाळी या, भाऊजी. कपाटाचं दार जोडून दाखवते."

"एकही भोक नसलं तर मशीन तुमचं. नाहीतर उद्या टेम्पो येतोय."

वहिनी बोलून तर बसल्या. पण पातळ पत्रा म्हणजे रुसक्या पाहुण्यासारखा. रॉड जरा लांब गेला की आर्कची ज्योत फडफडते, जरा रेंगाळला की पत्र्याचं पाणी होऊन भोक पडतं. नवरा म्हणायचा, "करंट कमी, रॉड जवळ आणि हाव नको. एक टाका इथं, दुसरा पार तिकडं." तो स्वतः समोर बसून सांध्याखाली तांब्याची पट्टी दाबून धरायचा, जास्तीची उष्णता ती पट्टी पिऊन टाकायची. आता वहिनींच्या एका हातात रॉडचा होल्डर, दुसऱ्यात डोळ्यांसमोर धरायची काळी काच. कडांना शिकंजे होते, पण मधोमध पत्रा तापून फुगायचा. तिथं तिसरा हात आणायचा कुठून?

दुपार कलेपर्यंत दारासाठी चांगली म्हणावी अशी पत्र्यांची एकच जोडी शिल्लक होती. दोन लोखंडी स्टँडवर ती आडवी ठेवून वहिनींनी काच तोंडासमोर धरली आणि रॉड टेकवला.

काळ्या काचेतून आर्कखेरीज काही दिसत नाही. एक हिरवट ठिपका, भोवती वीतभर उजेड. त्या उजेडाच्या काठावर, सांध्यापलीकडे, पत्रा दाबून धरलेली चार बोटं दिसली.

त्यांनी काच बाजूला केली. समोरचं स्टूल रिकामं. खिडकीतून ऊन आत आलेलं, धुराचा करपट वास.

टाका मात्र बसला होता. गोल, सपाट. त्याच्या बोटभर पलीकडे त्यांनी हातमोजा काढून चाचपलं. पत्रा गार होता.

वहिनींच्या पायांना पळायचं होतं. पण मशीन गेलं तर उद्यापासून त्यांनी खायचं काय? काच पुन्हा वर गेली.

बोटं होती.

वहिनी या टोकाला आल्या, बोटं या टोकाला. वहिनी पलीकडच्या टोकाला गेल्या, तर बोटं आधीच तिथं. कुठला टाका कधी, हे त्यांच्याआधी बोटांना कळत होतं.

शेवटच्या टाक्याला रॉड जरा मागे सरकला. आर्क लांबला, भडकला.

"हात काढा, भाजेल," त्या पुटपुटल्या.

बोटं हलली नाहीत.

टाका बसला.

वहिनींनी काच खाली ठेवली, तेव्हा दीर खोलीच्या उंबऱ्यात उभा होता.

"घ्या, भाऊजी," त्या आवाज चढवून म्हणाल्या. "धरा उजेडाला. एक भोक दाखवा. एकटीनं केलंय मी, कुणाचा हात लागला नाही. मशीन माझं."

दिरानं जोडलेल्या दाराकडे पाहिलंच नाही. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"खोटं नका बोलू, वहिनी." त्यानं भिंतीकडे बोट केलं. "आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, म्हणून मघापासून मी भिंतच बघतोय. सावल्या दोन होत्या. आर्क विझला, तुमची गेली."

"मग?"

"ती अजून बसलीय."