गाठी मारलेलं देवधान

"तळ्यात देवधानाची हजारो रोपं, बोडीत जेमतेम शंभर. मग बोडी वाचणार कशी, आजोबा?" मैथिली रडकुंडीला आली होती.

गावाने बोडी (शेताकडेचं लहान तळं) बुजवून तिथे ड्रोनतळ करायचं ठरवलं होतं. देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात, मोठ्या तळ्यात आहेच की, असं सगळे म्हणत. बोडीत चिखल आणि जळवा. तिकडे फिरकायची ती एकटी मैथिली.

आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या लांब पायांच्या यंत्रमानवाला, टिटवीला, दोन्हीकडची पानं आणायला पाठवलं. टिटवीला जळवा चावत नाहीत, याचा मैथिलीला भारी हेवा वाटला.

"पानं तर सगळी सारखीच!"

"नुसती दिसायला," आजोबा म्हणाले. "पेशीत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो, चार अक्षरांत लिहिलेला. काही जागी तीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एका रोपात आठदा, दुसऱ्यात बारादा. जितक्या जास्त वेळा, तितका तो तुकडा लांब. या जागा म्हणजे रेणवीय चिन्हकं (रोपांमधला फरक ओळखायच्या खुणा). पडद्यावर लांब तुकड्याची पट्टी वर दिसते, आखूड तुकड्याची खाली."

टिटवीने पानं तपासली आणि तिच्या पोटावरचा पडदा उजळला. तळ्यातल्या रोपांच्या पट्ट्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या एका ओळीत होत्या. बोडीतल्या मात्र शाळा सुटल्यासारख्या वर, खाली, मध्येच कुठेतरी!

"म्हणजे तळ्यात एकच रोप हजारदा उगवलंय! पण का?"

टिटवी म्हणाली, "तिथल्या लोंब्यांना गाठी मारल्या होत्या."

मैथिलीने कपाळाला हात लावला. ऋषिपंचमीच्या उपासाला नांगर न लागलेलं धान्य हवं, म्हणून बायका लोंब्या आधीच बांधून ठेवत. दाणे पाण्यात पडतच नसत, आणि नवे कोंब जुन्याच खोडांना फुटत. बोडीत गाठी मारायला जातंय कोण? तिथे वाऱ्यावर परागांची सरमिसळ होई, दाणे गळत आणि रुजत.

"बोडीतली ही सरमिसळ म्हणजे जनुकीय विविधता," आजोबा म्हणाले. " रोग आला तर तळ्यातलं देवधान एका झटक्यात साफ होईल. बोडीत कुणीतरी तग धरेल, आणि त्याचा गुण शेतातल्या भातात आणता येईल."

ग्रामसभेत मैथिलीने टिटवीच्या पडद्यावर दोन्हीकडच्या पट्ट्या दाखवल्या. सरपंच सुलभाकाकू पडद्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "ड्रोन शाळेच्या गच्चीवरही उतरतील. बोडी राहू द्या."

मैथिलीला आनंदाने नाचावंसं वाटलं. पण ती थेट तळ्यावर गेली आणि आईने मारलेल्या गाठी सोडू लागली.

"अगं, उपासाला काय खाऊ?" आई काठावरून ओरडली.

"अर्ध्या तुझ्या, आई. अर्ध्या तळ्याच्या."

आई हसली, पदर खोचून पाण्यात उतरली आणि शेजारची गाठ सोडली. पिकलेले दाणे टपटप पाण्यात पडले.