टर्बोतला भात

ही घटना शंभर टक्के खरी आहे. भुतांवर विश्वास नसेल त्यांनी इथेच थांबावं. माझाही नव्हता, पण मला थांबता आलं नाही. माझी स्कूटर त्याच गॅरेजात उघडून पडली होती.

साल १९९६, बारामती. रात्र असती तर बरं दिसलं असतं. पण भर दुपार होती.

शंभूराज माझा मावसभाऊ. त्याचा थोरला भाऊ रावजीदादा वालचंदनगरला कॉलनीत राहायचा. दादाकडे आखातातून आलेली जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार होती. लाल, दोन दारांची, टर्बोवाली. रविवारी दादा आणि तेजश्रीवहिनी आळीपाळीने ती चालवायचे. शंभूला दादा हात लावू देत नसे.

मग दादा गेला. हार्ट अटॅक.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड मांडला. कावळे झाडावर होते. एकही खाली येईना...

"वहिनीला सांभाळू" म्हणून झालं. "वर्षश्राद्ध नीट घालू" म्हणून झालं.

कावळे ढिम्म.

ऊन चढलं. लोक जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागले. शेवटी शंभू ओरडला, "दादा, गाडी वहिनीचीच! मी न्हाय घेत!"

कावळा शिवला.

पुढे वर्षाच्या आत कार्य उरकायचं म्हणून शंभूचं लग्न ठरलं. "सर्व्हिसिंग करून आणतो," म्हणत त्याने वहिनींकडून गाडी नेली, ती आपल्याच दारात लावली. वहिनींनी किल्ली मागितली.

"बाईमाणसाला कशाला असली गाडी?" शंभू म्हणाला.

आपली वरात नवरीच्या गावी, शेळगावला, याच गाडीतून निघणार, हे त्याने पत्रिका छापायच्या आधीच गावभर केलं.

तेव्हापासून गाडी बिघडली.

रस्त्यावर वाऱ्यासारखी. इंजिन चालू ठेवून उभी केली की मात्र... धक्... धक् धक्... मग काहीच नाही... मग पुन्हा धक्.

अगदी दादाच्या शेवटच्या श्वासांसारखी.

लग्न उद्यावर आलं, तेव्हा शंभूने ती बारामतीच्या त्या गॅरेजात आणली. समाधान मिस्त्रीने प्लग बदलले. थ्रॉटल धुतला. पाइपांवर पेट्रोल शिंपडून हवा कुठून चोरते ते पाहिलं. कुठूनच नाही. शेवटी त्याने टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, जाणारा जाड पाइप काढला.

आणि आत बोट घालून ते उजेडात धरलं...

"शंभूराव, गाडीत जेवता का तुमी?"

"का रं?"

"हितं भात हाय."

हवेच्या फिल्टरच्या पलीकडे. जिथे मुंगीही जाऊ शकत नाही.

मी वाकून पाहिलं. पांढरा भात... ओला... त्यात काळे तीळ.

"उंदीर असेल," मी म्हणालो. पदवीधर माणसाने काहीतरी म्हणायला हवं.

"उंदीर तीळ घालून रांधतो व्हय?"

समाधानने पाइप पुसून बसवला. स्वतः आत बसून स्टार्टर मारला. इंजिन मऊ, एका लयीत.

तो उतरला. शंभू बसला.

धक्... धक् धक्...

पाइप पुन्हा काढला.

भात. ताजा.

"आमी बौद्ध. आमच्यात कावळ्याबिवळ्याचं काय न्हाय," समाधान पाना खाली ठेवत म्हणाला. "पन तुमी कुनाला शब्द दिला आसंल तर तेवडं बघा."

शंभू भडकला. "मेल्याला कसला आलाय हक्क? बसव पाइप! उद्या वरात ह्याच गाडीतनं निघनार!"

पाइप बसला. शंभूने गाडी चालू केली.

दोन्ही दारं आपोआप लागली...

इंजिन चढायला लागलं. टर्बोची शिट्टी बारीक, मग कानात घुसणारी. शंभू काचेवर हात आपटत होता. त्या हातात किल्ली होती.

काढलेली किल्ली.

इंजिन चालूच.

वर गॅरेजच्या पत्र्यावर कावळ्याच्या नख्या वाजल्या...

समाधानने बॅटरीची वायर उपटली. इंजिन चालूच. आत धूर भरला. शंभूचा चेहरा दिसेनासा झाला. मग आतून किंकाळी आली, "दादा! देतो! वहिनीला देतो!"

शिट्टी उतरली. इंजिन मऊ चाललं... आणि बंद पडलं. दार उघडलं.

शंभू बाहेर आला तो रांगत. वरात ट्रॅक्टरवरून निघाली.

आजही सिग्नलला माझी गाडी थरथरली, की मी आधी कुणाला काय कबूल केलंय ते आठवतो. मेकॅनिक नंतर.

परत मिळालेली गाडी वहिनींनी लग्नाच्याच महिन्यात विकली. अ‍ॅव्हरेज फार कमी द्यायची.