मेंदीला आलेला शेवटचा हात

मळवलीच्या एका बंगल्यातले पाहुणे संध्याकाळीच पुण्याला परतले होते. गेट लावून, मोटर बंद करून बंगला राखणारे सीतारामभाऊ पायरीवर बसले, तसे बागेत काम करणारे दोघं-तिघं तरुण त्यांच्याजवळ सरकले. काहीतरी सांगा म्हणाले. त्यातल्या पवननं मात्र आधीच बजावलं, की भाऊ, आपल्यात भुतं मानत नाहीत.

"मीबी न्हाई मानत," भाऊ म्हणाले. "म्हणून तर म्या त्येला नाव न्हाई दिलं. घडलं तेवडं सांगतो."

घडलं ते त्यांच्या पुतणीच्या, रुपालीच्या बाबतीत. रुपाली लग्नघरी मेंदी काढते. गेल्या मे महिन्यातली सतरा तारीख, शनिवार. कुरवंड्याला अमृता नावाच्या मुलीची मेंदी होती, आणि लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, बुद्धविहारासमोरच्या मांडवात. भाऊंनीच रुपालीला रिक्षातून वर नेलं आणि तिचं काम होईपर्यंत ते अंगणात पुरुषमंडळींत बसून राहिले.

घरात बायकांची दाटी होती. नवऱ्याचं नाव इतकं बारीक लिही, की त्याला चष्मा लावून शोधावं लागलं पाहिजे, असं एकीनं रुपालीला सांगितलं. दुसरी म्हणाली, त्याला आधीच चष्मा आहे. अमृताही हसली. पण तिचं लक्ष सारखं मागच्या खोलीच्या दाराकडे जात होतं. दार लोटलेलं होतं. आत तिची आई होती, चिमाबाई.

अमृताची थोरली बहीण चैताली दोन वर्षांपूर्वी काविळीनं दवाखान्यातच गेली. तिचंही लग्न ठरलेलं होतं. मेंदी दोन दिवसांवर आली होती. तेव्हापासून जिथं चार बायका हसतात तिथं चिमाबाई पाऊल ठेवत नव्हती. या लग्नाचं निवडण-टिपण, पाहुण्यांचा स्वयंपाक, सगळं तिनं केलं. नवरीजवळ मात्र बसली नाही. माझी सावली नको पोरीवर, एवढंच म्हणायची.

अमृताचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरून झाले. ओल्या मेंदीच्या हातांनी नवरीला काही उचलता येत नाही, म्हणून त्या रात्री तिला आई भरवते. पण ताट घेऊन आली ती मावशी. तिनं घास पुढं केला. अमृतानं तोंड फिरवलं.

"आय भरवंल तरच जेवंन. न्हाईतर उद्या उपाशीच उभी ऱ्हाईन."

मावशीनं दारापाशी जाऊन निरोप दिला. दार लोटलेलंच राहिलं. तिनं ताट झाकून ठेवलं.

मग घरातल्या बायकांचे हात सुरू झाले. मेंदीच्या घरातून कुणी कोऱ्या हातानं जात नाही. रुपाली खाली मान घालून काढते. समोर हात येतो, त्यावर एक वेल, हात जातो, पुढचा येतो. ती हात बघते, तोंडं बघत नाही. साडेअकरापर्यंत बायका पांगल्या. काही अंगणात आडव्या झाल्या. अमृता भिंतीला टेकून, हात उशीवर पसरून पेंगत होती. रुपालीनं सामान आवरायला घेतलं.

एवढ्यात समोर एक हात आला.

उजवा. गार होता. रुपालीला वाटलं, भांडी घासून आलेली कुणी पाहुणी असेल. तिनं तळव्यावर वेल काढली आणि हात सोडला. तो मागं गेला नाही. बाही तेवढी वर सरकली. कोपराच्याही वर. नवरी सरकवते तशी.

रुपाली काढत गेली. का, ते तिला आजही सांगता येत नाही. हाताच्या पाठीवर निळी खूण होती, सलाईनची सुई काढल्यावर राहते तशी. तिनं तिच्यावरून एक पान काढलं. हात पुन्हा उलटला... तळवा वर.

बाहेरचा वारा थांबला होता. अंगणातलं बोलणं ऐकू येईना.

तळव्याच्या मधोमध नावापुरती जागा राहिली. असा भरलेला हात समोर असला, की रुपाली सवयीनं विचारते. तिनं विचारलं, मान खालीच.

"नाव कुणाचं लिहू?"

मग...

"आयचं."

रुपालीनं लिहिलं. दोनच अक्षरं, ‘आय’.

वर बघितलं.

कुणी नव्हतं.

मेंदीचा कोन रिकामा होता. मागच्या खोलीचं दार उघडं होतं...

आतून रडणं ऐकू आलं. चैतालीला नेलं त्या दिवशीही चिमाबाई रडली नव्हती, असं गावात सांगतात. अंगणातल्या बायका उठून बसल्या. आत जायला कुणी धजलं नाही.

थोड्या वेळानं चिमाबाई बाहेर आली. कुणाकडे न बघता तिनं ताट उघडलं. अमृतापाशी बसली. भात कालवला.

"घे, बाय."

अमृता खात होती आणि रडत होती. तिला आईला मिठी मारायची होती, पण हात ओले होते. ती नुसते हात वर धरून बसली.

चिमाबाईचा डावा गाल तेव्हा उजेडात आला. गालावर पंजा उमटला होता. पाचही बोटं, मध्ये तळवा. मेंदीला रंग चढायला रात्र जावी लागते. अमृताच्या हातांवर ती अजून हिरवीच होती. हा पंजा पिकून लाल झालेला होता.

पवननं हळूच विचारलं, की रुपालीनं चिमाबाईंना सांगितलं का, काय झालं ते.

रुपालीनं काही सांगितलं नाही. निघताना चिमाबाईनंच तिला दारात थांबवलं.

"हात लय गार हुता का गं?"

रुपालीनं मान हलवली. होय.

सकाळी मांडवात फोटोवाला चिमाबाईला म्हणाला, मावशी, काळजी करू नका, गालावरचं ते मी फोटोतून काढून टाकतो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि पदर मागं सारून तोच गाल तिनं त्याच्याकडे केला.