टेस्टर पेटला नाही

गेली ना लाईट? आता ते मोबाईलचे दिवे बंद करा आणि गप बसा. आपलं राज्य साऱ्या देशाला वीज विकतं म्हणतात, आणि राजधानीच्या ब्राह्मणपाऱ्यात जरा वारा सुटला की अंधार. निरंजन, बोर्डाची बटणं टकटक करू नकोस, यायची तेव्हा येईल. मंजिरी, भिणार असशील तर आत्ताच आत जा, मागाहून आईकडे माझं नाव सांगायचं नाही. ही गोष्ट ऐकीव नाही. नत्थू मेश्राम उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षं माझ्यासोबत होता. मी टाइम ऑफिसात हजेरी घ्यायला, तो इलेक्ट्रिशियन. घर बिरगावला. पटलं नाही तर जाऊन पाहा.

२६ मे २०११, गुरुवार. नवतपाचा दुसरा दिवस, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांपैकी. नत्थूची साप्ताहिक सुट्टी होती आणि घरच्या कूलरचा पंप जळाला होता. सकाळी तो स्कूटर काढून पंडरीच्या बाजाराला निघाला. सत्यभामा दारातून म्हणाली, "पंडरीले चाललेच आहा तं माह्या निळ्या पातळावर ब्लाऊजपीस घेऊन या जी. आकाशी नका आणू, मांगच्या वेळी आणलं तसं." नत्थूनं पंप घेतला, कूलरच्या जाळीत भरायची खस घेतली आणि ब्लाऊजपीस घेतलं. आकाशीच. रंगातलं त्याला शष्प कळत नसे.

दुपारी त्यानं कूलर उघडला, पंप बसवला, दोन तारा जोडल्या. टेप गुंडाळायची बाकी होती तेवढ्यात मिलमधून फोन आला. क्रेन बंद पडली, ये. सत्यभामा शेजारी कुरडया घालायला गेली होती. नत्थूनं कूलरचं बटण बंद केलं, तारा तशाच उघड्या ठेवल्या आणि निघाला.

आता इथं मिलची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मशीनच्या आत शिरायचं तर माणूस आधी स्विच बंद करतो आणि त्यावर लाल पत्र्याची पाटी लटकवतो. पाटीवर लिहिलेलं असतं, 'आदमी काम पर है'. खाली खडूनं आपलं नाव. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. मालक आला तरी दुसऱ्यानं काढायची नाही. पाटी लटकते आहे म्हणजे माणूस आत आहे. बावीस वर्षांत नत्थूनं पाटी लावल्याशिवाय एक स्क्रू हलवला नव्हता. पण घरी कोण पाटी लावतं?

फोन मिलच्या गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागे. रात्री दहाला त्यानं लॉकर उघडलं. सात मिस्ड कॉल होते, सातही सत्यभामाचे. पहिला आठ वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा आठ पस्तीसला. ती काय विचारत होती हे त्याला तिथंच, गेटवर उभ्या उभ्या कळलं. कूलर लावू का? एवढंच. सातदा विचारलं, उत्तर आलं नाही. मग तिनं लावला. आणि पाणी येतं की नाही बघायला आत हात घातला.

नत्थू रडला नाही. कूलर मात्र त्यानं कोणाला हलवू दिला नाही. भिलाईला शिकणारा त्याचा मुलगा संघर्ष हात जोडून म्हणाला, "पापा, इसको कबाड़ी को दे दो." कूलर खिडकीशी तसाच उभा, तारा तशाच उघड्या.

तीन महिन्यांनी एकदा तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. डोळे खोल गेलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी नवीन. म्हणाला, "यशवंतराव, मी झोपेत जागा होऊन राहिलो."

झालं होतं ते असं. त्याला स्वप्न पडलं, तो घरी आला आहे. दिवा लागलेला. हाताच्या सवयीनं त्यानं खिशातला टेस्टर काढून सॉकेटमध्ये घातला. टेस्टर पेटला नाही. दिवा जळतोय आणि टेस्टर पेटत नाही? तिथंच त्याच्या ध्यानात आलं, हे स्वप्न आहे. आणि ध्यानात येऊनही तो उठला नाही. आत सत्यभामा कणीक मळत होती. तिनं मान वर केली, म्हणाली, "आले का जी?" नत्थूला हुंदका फुटला आणि त्या हुंदक्यानंच तो जागा झाला.

"भूत दिसलं म्हण की," मी म्हणालो.

"आम्ही भूतबित मानत नाही, तुमाले माहीत आहे," तो चिडला. "मी झोपेत जागा असतो, एवढंच. अन् जागा असलो तं काही करता येते."

तेव्हापासून त्यानं सवय लावून घेतली. दिवसा दर तासाला टेस्टर सॉकेटला लावायचा. पेटला तर जागेपण, नाही पेटला तर स्वप्न. दिवसा हात सरावला की झोपेतही आपोआप तिकडे जातो, हे त्यानं एकट्यानं शोधून काढलं. तुमच्या मोबाईलमध्ये आता याला काहीतरी नाव आहे म्हणे. मिलमधले पोट्टे त्याला 'टेस्टरबाबा' म्हणून चिडवायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

त्याला एकच पाहिजे होतं. प्रत्येक स्वप्नात आठ पस्तीस वाजायचे. सत्यभामा पदराला हात पुसत उठायची आणि बोर्डाकडे जायची. नत्थूला तिच्याआधी तिथं पोचायचं होतं. बटणावर पाटी लटकवायची होती. पण पाय उचलत नसत. ओरडायला जावं तर आवाज निघत नसे. बोर्ड चार पावलांवर, आणि चार पावलं संपत नसत. मग ती बटण दाबायची.

पोरांनो, बायको एकदा मेली तर माणूस कसाबसा जगतो. ह्याची रोज मरत होती. आणि हा रोज तिथं स्वतःच्या पायानं जात होता.

त्यानं मिलमधून नाव न घातलेली एक कोरी पाटी आणून उशीखाली ठेवली, म्हणजे ती स्वप्नात हाताशी येईल. रजा घेऊन दिवसातून तीनदा झोपायचा. जेवण सुटलं. मी घरी जाऊन त्याला चांगला झापला. "येड्या, मेलेल्या माणसाले कोणी वाचवते काय?"

"जाग्यापणी नाही वाचवता येत," तो म्हणाला. "झोपेत तं येते ना. एक डाव, यशवंतराव. फक्त एक डाव तिचा हात थांबवू द्या मले. मंग मी काही मागत नाही." आणि ह्या माणसानं, बावीस वर्षांत कोणापुढे मान न वाकवणाऱ्यानं, माझे पाय धरले. मी चहासुद्धा न घेता निघून आलो, त्याची लाज अजून वाटते.

२७ मे २०१२, रविवारची रात्र. पुन्हा नवतपा. संघर्ष सुट्टीत घरी आला होता. उकाड्यामुळे तो गच्चीवर झोपला. नत्थूनं दाराला आतून कडी लावली, गारव्यासाठी फरशीवर पाणी ओतलं आणि खालीच पडला. नऊच्या सुमारास आंधी आली, धुळीचे लोट, आणि बिरगावची लाईट गेली. नत्थू तेव्हा गाढ झोपेत होता. त्याला ते कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा रेडियमच्या घड्याळात दोन चाळीस. अंधार. हात खिशात गेला, टेस्टर निघाला, सॉकेटमध्ये गेला.

पेटला नाही.

स्वप्न... त्याच्या मनाला बरं वाटलं. आज दिवा नव्हता आणि घड्याळ आठ पस्तीसवर नव्हतं, एवढाच फरक. त्यानं पाय टाकून पाहिला. पाय उचलला! दुसरा उचलला. चार पावलं, आणि हात बोर्डावर. वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्याआधी पोचला होता.

तो पाटी आणायला उशीकडे वळला. उशीखाली हात घातला.

पाटी नव्हती.

गादी उलटली. चादर झटकली. नाही. आणि स्वयंपाकघरातून बांगड्या वाजल्या. ती उठली होती.

आता ती येणार. आता दाबणार. पाटी नाही, आवाज निघायचा नाही... मग त्याच्या डोक्यात आलं ते त्यानं केलं. कूलरचं बटण स्वतःच चालू केलं. खिडकीशी गेला. कूलरची जाळी काढली. दोन्ही उघड्या तारा मुठीत धरल्या आणि ओल्या फरशीवर बसला.

"आज हा झटका माहा," तो अंधारात म्हणाला. "तू तिकडेच राह्य."

या वेळी आवाज निघाला.

बांगड्या थांबल्या.

तो बसून राहिला. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. कुत्रं नाही, वारा नाही. फक्त स्वतःचा श्वास. मग पावलं. हळू. ओल्या पायांची. त्याच्या पाठीमागून गेली... बोर्डापाशी थांबली.

"नको," नत्थू म्हणाला. "सत्यभामा, नको..."

टक्.

आणि रस्त्यावरचा दिवा लागला. डोक्यावरचा पंखा कुरकुरला, फिरू लागला. स्वयंपाकघरातला बल्ब भक्कन पेटला. शेजारी कोणीतरी "आली, आली" म्हणून ओरडलं.

नत्थूनं मुठीकडे पाहिलं. दोन तारा. तांब्याच्या. खऱ्या.

हे स्वप्न नव्हतं.

त्यानं तारा सोडल्या. रांगत सॉकेटपर्यंत गेला. टेस्टर घातला. पेटला. लालभडक. मग त्यानं वर बोर्डाकडे पाहिलं.

कूलरचं बटण बंद होतं. त्यावर लाल पाटी लटकत होती.

वरून संघर्ष धावत आला, दार ठोकू लागला, "पापा, दरवाजा खोलो! किससे बात कर रहे थे?" नत्थूनं उठून कडी काढली. आतून लावलेली कडी, स्वतःच्या हातानं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

सकाळी मी गेलो तेव्हा बापलेक बोर्डासमोर जमिनीवर बसलेले. मी पाटी पाहिली. 'आदमी काम पर है', आणि खाली खडूनं नाव लिहिलेलं. सत्यभामा. अक्षरांवर रेघ नव्हती. ती घाईनं लिहायची, रेघ द्यायची नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तसंच होतं, हळद, तिखट, धने. मी एकेक डबा आणून पाटीशेजारी धरून पाहिला. टाइम ऑफिसात आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या आहेत मी.

त्या रात्रीनंतर नत्थूला एकही स्वप्न पडलं नाही. एकही. रोज टेस्टर मुठीत धरून झोपतो, रोज मुठीत टेस्टर घेऊन उठतो. वर्षभर ती रोज मरत होती, पण निदान दिसत तरी होती. आता ते दारही बंद झालं. एकदा माझ्यासमोर भिंतीवर डोकं आपटून म्हणाला, "तिनं मले वाचवलं काहून? कोणी सांगितलं होतं तिले?"

तेरा वर्षं झाली. खडूचं अक्षर, बोटानं पुसलं जाईल असं. बिरगावात मिलची काळी धूळ दर दोन दिवसांनी फडक्यानं पुसावी लागते. बोर्ड काळा पडला आहे, भिंत काळी पडली आहे. पाटीवरचं नाव काल लिहिल्यासारखं आहे. मागच्या महिन्यात मी त्याला म्हणालो, आता पुरे, ही पाटी काढ, पोराच्या लग्नाचं बघ, नवीन कूलर घे.

नत्थू बोर्डाकडे तोंड करून जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला.

"मी कशी काढू, यशवंतराव?" तो म्हणाला. "मी लावली नाही. अन् पाटी लटकून आहे म्हणजे माणूस आत आहे."