दुसऱ्या शनिवारची नोंद

नेहमीची बस चुकली नसती तर ती त्या गल्लीत शिरलीच नसती. योगायोगावर तिचा विश्वास नव्हता, संभाव्यतेवर होता. आणि अर्ध्या उघड्या गॅरेजमध्ये स्वतःच्या वडिलांचे गवत कापायचे यंत्र चारही चाके वर करून पडलेले दिसण्याची संभाव्यता इतकी कमी होती, की ती जागच्या जागी थांबली.

तेच होते. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि बाबांच्या पद्धतीने तिला दोनदा गाठ मारलेली होती. पुढचे उजवे चाक बाबागाडीचे होते, तिच्याच बाबागाडीचे.

यंत्रापाशी एक माणूस मांडी घालून बसला होता. डोळ्यावर घड्याळजीसारखे भिंग, हातात दातांच्या डॉक्टरांकडे असते तसले बारीक आकडेदार हत्यार.

"हे मशीन चोरीचं आहे," ती म्हणाली.

त्याने भिंग कपाळावर चढवले. "असेल. मी भंगारवाल्याकडून आणलं. पण त्याला ते एका गृहस्थांनी स्वतःहून दिलं म्हणे. वर 'घेऊन जा एकदाचं' असंही म्हणाले."

"ते गृहस्थ माझे भाऊ आहेत."

"मग चोरी घरातलीच."

"मला ते हवंय. आत्ता."

"आत्ता त्याचे एकवीस नटबोल्ट सुटे आहेत. पिशवी आणलीय?"

वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक खणखणीत आवाज आला. "कोण रे? कोणाचे दात?"

"दात नाहीत, आत्या. भांडण आहे."

"मग आत घे त्यांना. उन्हात भांडू नये, डोकं चढतं."

ती आत गेली, कारण उन्हाबद्दलचे विधान बरोबर होते.

तो दंतवैद्यांना कवळ्या बनवून देत असे. मागच्या फळीवर प्लास्टरचे बावीस जबडे मांडलेले होते. आठवड्यातले पाच दिवस तो इतरांच्या तोंडात हसू बसवी आणि शनिवारी जुनी इंजिने उघडत असे. ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करी. दिवसभर इतरांचे काटे किती खोटे बोलतात हे ती मिलिग्रॅममध्ये सांगत असे, आणि संध्याकाळपर्यंत माणसांकडूनही तितक्याच अचूकतेची अपेक्षा ठेवायची सवय तिला लागली होती. त्यामुळे ती बहुतेक वेळ रागावलेली असे.

त्या दिवशीच्या रागाला मात्र सबळ कारण होते. बाबा जाऊन दहा महिने झाले होते. त्यांचे घर विकले गेले होते, पुढच्या महिनाअखेरीस ताबा द्यायचा होता, आणि दादाने तिला न विचारता यंत्र भंगारात घातले होते. त्या दिवसापासून ती दादाशी बोललेली नव्हती.

"मशीन दुरुस्त करा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दादा घराच्या किल्ल्या द्यायला येणार आहे. मला ते त्याच्या तोंडासमोर सुरू करायचंय. ज्यानं बिघडवलं त्यानंच फेकलं. निदान त्यानं बघावं तरी."

"त्यांनी बिघडवलं?"

"मी सोळा वर्षांची होते, तो एकोणीसचा. सकाळी मी अंगण कापलं, मशीन उत्तम चाललं. शेवटी कपडे वाळत घालायच्या तारेचा जुना लोखंडी खुंटा गवतात होता, त्याला पातं लागून ते बंद पडलं, म्हणून मी ठेवून दिलं. संध्याकाळी दादानं दोरी ओढली. हिसके देऊन, आडदांडासारखी. त्यानंतर ते कधीच सुरू झालं नाही. बाबा म्हणाले, 'तुझ्या हाताला यशच नाही.' त्यानंतर दादानं पान्याला हात लावला नाही. चूक कबूलही केली नाही."

तो यंत्राचे पाते न्याहाळत होता. त्याच्या धारेला नखभर खोक पडली होती.

"दर शनिवारी या," तो म्हणाला.

"येणारच. माझ्यासमोर केल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. तुमच्यावर माझा विश्वास नाही."

"ओळख नसताना विश्वास नाही, हे तर्काला धरून आहे," तो म्हणाला. म्हणणे बरोबर होते, आणि तिला त्याचाही राग आला.

पहिल्या शनिवारी त्याने इंजिनावरचे झाकण काढले. तिने वही उघडली. प्लगच्या भोकातून पेन्सिल घालून तिने पिस्टन सर्वांत वर आणला, आणि त्या क्षणी इंजिनाच्या डोक्यावरचे जड चाक कुठे थांबते तिथे, ठिणगीच्या कॉइलच्या कोपऱ्यासमोर, चाकावर पांढरी रेघ मारली.

"ही कशाला?"

"माहीत नाही. काहीही हलवण्याआधी कुठे काय होतं ते लिहून ठेवावं, एवढं माहीत आहे."

"तुमच्याशी भांडण करणं अवघड असणार."

"लोक करतात. हरतात."

दुसऱ्या शनिवारी प्लगची ठिणगी पाहिली. निळी होती. पेट्रोल येत होते, सिलिंडरमध्ये दाबही होता. तरी इंजिन सुरू होईना. त्याने कार्बोरेटर खोलून घासला आणि त्यातले पेट्रोलचे केसाएवढे भोक तिच्यासमोर उजेडात धरले. तिने त्याचे भिंग मागून घेतले, बराच वेळ पाहिले, वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली.

"काय लिहिलंत?"

"नोंद."

मग तिने स्वतः दोरी ओढली. इंजिनाने उलटा हिसका दिला आणि दोरी तिच्या बोटांतून सणकन निसटली. ती कळवळली. त्याने तिचा हात धरला, भिंग खाली ओढले आणि एकेक बोट असे तपासले, जणू त्यावरून साचा घ्यायचा आहे.

"हाड शाबूत आहे."

"तुम्ही दातांचे ना?"

"दात हाडांचे चुलतभाऊच."

हात सोडायला त्याला गरजेपेक्षा सुमारे चार सेकंद जास्त लागले. तिने ते मोजले… आणि तक्रार केली नाही.

"उलटा हिसका देतंय," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि भिंगातून वरचे जड चाक न्याहाळू लागला.

तिसऱ्या शनिवारी त्याने पुन्हा कार्बोरेटर खोलला. चौथ्याही. तो खाली मान घालून घाशी, ती दादाच्या नावाने बोटे मोडी, आत्या खिडकीतून दोरीने चहाची किटली सोडी. "काटेवाल्या बाईंना बिस्किटं दे रे," ती ओरडे, "उपाशी माणूस जास्त चिडतो." तिच्या रागाची त्याने प्रतवारी ठरवली होती, सोन्याच्या कॅरेटसारख्या. "आजचा बावीसचा," तो म्हणे. "गेल्या शनिवारचा अठराचा होता." तिला हसू येई आणि हसू आल्याचा राग येई.

पाचवा शनिवार हा महिनाअखेरच्या आधीचा होता. ती आली तेव्हा यंत्र सरळ उभे होते, झाकण मात्र अजून चढायचे होते. त्याने दोरी ओढली. पहिल्या ओढीला निळ्या धुराची उचकी लागली आणि दुसऱ्या ओढीला इंजिन धडधडू लागले. फळीवरचे बावीस जबडे त्या धक्क्याने कडकडा वाजले.

ती हसली. मोकळी, मोठ्याने, हात टाळीसाठी पुढे करून. त्याने टाळी दिली आणि इंजिन बंद केले.

"काय होतं शेवटी?"

"कार्बोरेटर," तो म्हणाला. "बारीक कचरा. निघाला."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने प्लग काढला, पेन्सिल घातली आणि चाक हाताने फिरवले. मोजपट्टी लावली. दोनदा.

"रेघ अठरा मिलिमीटर सरकलीय."

"पुसट झाली असेल."

"रेघ पुसट होते. सरकत नाही. चाक काढलं होतंत तुम्ही. माझ्या पाठीमागे. का?"

त्याने खण उघडला. दात ठेवायच्या एका डबीतून त्याने दोन तुकडे काढून तिच्या तळहातावर ठेवले. नखाएवढी धातूची पट्टी, मधोमध तुटलेली.

"ही चावी," तो म्हणाला. "वरचं चाक आणि खालचा दांडा एका रेषेत धरते. पातं दगडावर, लोखंडावर आपटलं की दांडा जागीच थांबतो, पण चाक वेगात असतं. ते पुढे सरकतं आणि ही तुटते. मुद्दामच मऊ केलेली असते, म्हणजे दांडा वाचतो. मग ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी. इंजिन सुरू होत नाही, उलटे हिसके देतं."

"आणि दोरी हिसकून ओढली तर?"

त्याने डबीचे झाकण लावले.

"उत्तर द्या!"

"तुटत नाही. कितीही ओढा."

निष्कर्ष काढायला तिला दोन सेकंद लागले. सकाळी खुंटा, संध्याकाळी दादा. खुंट्याची हकीकत तिने स्वतःच सांगितली होती, यंत्र सकाळी ठीक होते याचा पुरावा म्हणून! चौदा वर्षे एक निरीक्षण तिच्याजवळ होते आणि तिने ते वगळले होते, कारण ते तिचे होते.

"कधी सापडलं?"

"दुसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" तिचा आवाज फाटला. "तीन आठवडे तू मला माझ्या भावाला शिव्या देऊ दिल्यास? इथं बसून? चहा पीत?"

"तुमचे वडील आता नाहीत. म्हटलं, कळून—"

"ते ठरवणारा तू कोण? काटा चुकीचं वजन दाखवतो तेव्हा तो बिघडलेला असतो. तू बिघडलेला नाहीस. तू लबाड आहेस!"

"पोरा," खिडकीतून आवाज आला, "अरे-तुरेवर आलं का? चांगलं आहे. मी खिडकी लावून घेते." आणि तिने खरोखरच लावली.

"माझी कीव आली तुला," ती म्हणाली.

"ते पहिलं कारण. चारचौघांत सांगण्यासारखं." तो जबड्यांकडे पाहत होता. "दुसरं तितकंसं चांगलं नाही. चावी बदलायला दहा मिनिटं लागतात. बदलली असती तर… तू मशीन घेऊन गेली असतीस. मग शनिवारी मी कुणाशी बोलायचं? यांच्याशी?"

तिने चावीचे तुकडे तळहातावर जोडून पाहिले.

"हे पहिल्यापेक्षा वाईट आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि खरं आहे."

"हो."

तिने फोन काढला आणि त्याच्यासमोरच लावला.

"घराच्या कागदांवरच्या सहीचं का?" दादाने विचारले.

"नाही. मशीन मी बिघडवलं होतं, दादा. सकाळी. खुंट्यावर. तुझ्यामुळे नाही. आत्ता सिद्ध झालं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझी दोन बोटं सुजली होती त्या दिवशी," दादा म्हणाला. "दोरी उलटी आली होती. कोणाला दाखवली नाहीत. बाबांनी वर अजून काही बोलायला नको म्हणून."

"मला—"

"बाबांना कळायला हवं होतं. तुला कळून मी काय करू?"

फोन बंद झाला. ती रडली नाही. मुठीत चावीचे तुकडे इतके घट्ट आवळले की त्यांचा ठसा उमटला. तो जवळ आला नाही, काही समजावलेही नाही. फक्त स्टूल सरकवून दिले. याबद्दल तिने मनातल्या मनात त्याला एक गुण परत दिला.

शेवटच्या शनिवारी बाबांच्या अंगणात गवत गुडघ्यापर्यंत आले होते. त्याने व्हॅनमधून यंत्र उतरवले. ती आधी पायांनी चाचपत गवतात हिंडली, खुंटा सापडल्यावर खाली बसली आणि दोन्ही हातांनी हलवून हलवून तो उपटून काढला. हात गंजाने माखले.

दादा आला. त्याने नव्या मालकासाठी किल्ल्या पायरीवर ठेवल्या. तिने दोरीची मूठ त्याच्यापुढे धरली.

"तू ओढ. मी ओढणार नाही."

"पुन्हा उलटी आली तर?"

"येणार नाही. मी मोजलंय."

दादाने ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झाले. त्याने एकदा आपल्या हाताकडे पाहिले आणि चालू लागला, थेट भिंतीपर्यंत, सरळ रेषेत. परत आला, पुन्हा गेला. कापलेल्या गवताचा ओला, हिरवा वास पसरला. त्याने अख्खे अंगण एकट्याने कापले, कोणाच्या हातात मूठ दिली नाही.

शेवटी तो घामाने भिजून तिच्यासमोर उभा राहिला.

"दादा, तुझ्या हाताला—"

"नको. ते वाक्य बाबांचं होतं. तू परत घेऊ नकोस." मग किंचित थांबून, "तो खुंटा मात्र मला दे."

त्याने खुंटा गाडीत टाकला. "मशीन राहू दे तुम्हा दोघांकडे," तो म्हणाला. "आणि जेवायला या कधीतरी. तुझी वहिनी विचारत असते."

तुम्हा दोघांकडे. ते शब्द दुरुस्त करण्याची जबाबदारी तिची होती. अचूकतेचा प्रश्न होता. तिने दुरुस्त केले नाही. व्हॅनपाशी उभा होता त्यानेही नाही.

गाडी वळून दिसेनाशी झाली. ती नळावर हात धुऊन आली, तर तो व्हॅनला टेकून तिची वही वाचत होता.

"न विचारता?"

"गप्प बैस." त्याचा आवाज वेगळाच होता. बोट एका ओळीवर होते. "'दुसरा शनिवार. कार्बोरेटर भिंगाखाली पाहिला. पूर्ण स्वच्छ. दोष इथे नाही.' हे तुझंच अक्षर ना?"

तिने वहीकडे पाहिले, मग आभाळाकडे.

"कार्बोरेटर स्वच्छ आहे हे तुला दुसऱ्या शनिवारपासून माहीत होतं? आणि तिसऱ्या, चौथ्या शनिवारी मी समोर बसून तो घासत होतो—"

"तू घासत होतास. मी पाहत होते."

"काय पाहत होतीस?"

"कार्बोरेटर नाही," ती म्हणाली, आणि आयुष्यात प्रथमच तिला एक विधान पुराव्याशिवाय पुरेसे वाटले.

तो लाल झाला. खरोखर रागावला, कपाळाची शीर उभी राहिली. रागाचा तिचा अभ्यास दांडगा होता. हा चोवीस कॅरेटचा होता आणि तिला तो फारच आवडला.

"माझी नखं बघ!" त्याने दहाही बोटे तिच्यापुढे नाचवली. "अजून काळी आहेत! आणि लबाड कोण तर मी?"

तिने ती बोटे हातात घेतली. गरजेपेक्षा जास्त वेळ. या वेळी कोणीच मोजले नाही.

"शनिवारी ये," तो दरडावून म्हणाला. "कार्बोरेटर घासायला. आता तू."