हमखास दिसणारी वाघीण

"हत्ती आधी, वाघ नंतर," खुशबूने बजावलं आणि नकाशावर कमलापूर होतं तिथे पेन्सिल रोवून ठेवली.

राजुऱ्यात अदीबाच्या घराच्या ओसरीत आजूबाजूच्या जिल्ह्यांचा मोठा नकाशा पसरला होता. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून तिघांना दुसरा उद्योग नव्हता. खुशबूला कमलापूरचे हत्ती हवे होते. तिचा भाऊ नागसेन अदीबाच्याच वर्गातला. त्याला सिरोंच्याकडचे डायनासोरचे जीवाश्म बघायचे होते आणि त्यापुढे त्याला सगळे हत्ती कालची पोरं वाटत होती. अदीबाला हवा होता वाघ. शाळेच्या सहलीत नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात तिने एकदा वाघ पाहिला होता. तो गजांच्या कडेकडेने नुसता येरझारा घालत होता. तिला मोकळा वाघ बघायचा होता.

तिचे अब्बा नवाबभाई भाड्याने गाडी चालवत. लग्नसराई ओसरली होती, गाडी दारात उभी होती, म्हणून त्यांनी पोरांना फिरवून आणायचं कबूल केलं होतं. गोंडपिपरीवरून आष्टी, मग मार्कंड्याचं देऊळ, आलापल्लीचं सागाचं जुनं जंगल, हत्ती, जीवाश्म आणि शेवटी वाट वाकडी करून नागपूरचं प्राणिसंग्रहालय. भांडणं ऐकून ते हसत खाली बसले आणि चामोर्शीच्या अलीकडे नकाशावर नाव नसलेल्या एका जागी त्यांनी बोट ठेवलं.

"पयले इथी जाऊ. टेंभुरडोहले. देवरावभाऊच्या कॅम्पवर वाघीण हमखास दिसते."

"हमखास?" नागसेनने विचारलं. "जंगलात हमखास कसं काय असते, काका?"

"तू पाह्यजो तर खरी," नवाबभाई म्हणाले.

नागसेनची आई माधवीताई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला रजा मिळत नव्हती. तिने पोरांच्या पिशव्या भरल्या, आपला जुना फोन नागसेनच्या खिशात घातला आणि नवाबभाईंना सांगितलं की तुमच्या भरवशावर पाठवून राह्यली. नवाबभाईंनी छातीवर हात ठेवला.

टेंभुरडोहचा कॅम्प जंगलाला अगदी खेटून होता. सिमेंटच्या खोल्या, प्रत्येक खोलीला कूलर आणि फाटकावर जबडा उघडलेल्या वाघाचं भलंमोठं चित्र. मालक देवराव गोड बोलणारा माणूस होता. त्याने पोरांना आंब्याचं पन्हं पाजलं, नवाबभाईंच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आत नेलं आणि संध्याकाळी सगळ्या पाहुण्यांना मागच्या पाणवठ्यावरच्या उंच मचाणावर चढवलं. कॅम्पची पिकअप त्यांना सोडून वळली आणि जाता जाता तिने दोनदा हॉर्न दिला.

थोड्याच वेळात वाघीण आली.

वाळलेल्या गवतातून ती इतकी सहज आली की जणू गवतच चालू लागलं होतं. पाहुण्यांचे फोन वर गेले. कुणी कुजबुजत होतं, कुणी पोराला उचलून धरत होतं. वाघिणीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिकअप जिथून गेली त्या वाटेकडे ती बघत बसली आणि मग मचाणामागच्या नाल्यात उतरली. तिथून हाडं फोडल्याचा आवाज येत राहिला.

कॅम्पवर परतल्यावर खुशबू वाघिणीची नक्कल करत खोलीभर रांगली. अदीबाला मात्र वाघिणीची नजर आठवत होती. चाऱ्याला कुटाराची पाटी घेऊन कुणी येताना दिसलं की तिच्या घरच्या शेळ्या जशा बघतात, तशी ती वाघीण वाटेकडे बघत होती. तिने हे नागसेनला सांगितलं. तो हसला नाही. पिकअपच्या मागच्या फळीवर माश्या घोंघावताना त्यानेही पाहिलं होतं, आणि पाण्याचा एवढा तुटवडा असताना कॅम्पचा माणूस ती फळी घासून घासून कशाला धूत होता, हे त्याला उमगत नव्हतं.

सकाळी नवाबभाई गाडीचं काहीबाही बघत बसले, तेव्हा तिघं गावात गेली. पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई तेंदूपानांचे पुडके बांधत होती. तिचं नाव बायनाबाई. पोरं कॅम्पवर उतरली आहेत हे कळल्यावर तिने तोंड फिरवलं. खुशबूने पाणी मागितलं तेव्हा मात्र ती उठली, आणि गडव्यातून पाणी देता देता तिला राहवलं नाही. तिने आत खाटेकडे बोट दाखवलं. खाटेवर तिचा नवरा सुकलू पडला होता. खांद्यापासून मनगटापर्यंत पट्ट्या होत्या. तेंदूपानं तोडताना वाघिणीने त्याला धरलं होतं. सोबतच्या बायांनी आरडाओरडा केला म्हणून जीव वाचला, पण हात गेल्यातच जमा होता. वनखात्याने वाघिणीला पकडायचा हुकूम काढला होता आणि त्यांचं पथक भलतीकडेच, पार पलीकडच्या जंगलात तिला शोधत फिरत होतं.

"लोक म्हनतात, सुकलू सागवान चोराले लई आत गेला होता," बायनाबाई म्हणाली. "देवरावच सांगत फिरते सगळ्याले. हा तं त्याच्या कुंपनाजवळच्या नाल्यात होता. तिथी आमी लहानपनापासून पानं तोडतो. कधी वाघ नाई आला."

सुकलूने डोळे उघडले नाहीत. "जाऊ दे वं," तो एवढंच म्हणाला.

नाला म्हणजे मचाणामागचाच नाला. परत येताना तिघांनाही सगळं कळून चुकलं. देवराव वाघिणीला खाऊ घालत होता, पथकापासून तिला लपवत होता आणि दोष सुकलूच्या माथी मारत होता. पण पोरांच्या तोंडून हे कोण ऐकणार? अदीबाच्या मनात आलं की आधी अब्बांना सांगावं. तिने कॅम्पभर शोधलं. ते कुठेच दिसले नाहीत.

मग नागसेनने बेत आखला. दुपारी पाहुणे कूलरपुढे झोपतात, तेव्हाच पिकअप जात असणार. अदीबा आणि तो आधीच मचाणावर चढून बसतील, पिकअप गेली की लगेच उतरतील. खुशबूने तोवर देवरावला जागेवरून हलू द्यायचं नाही.

खुशबूने ते काम फार मनावर घेतलं. जेवण झाल्या झाल्या ती देवरावच्या ओट्यावर जाऊन बसली आणि पोट धरून विव्हळू लागली. त्याने ओवा आणला. ओव्याने उलटी होते म्हणाली. त्याने लिंबू आणलं. लिंबू पिऊन झाल्यावर तिला आईची आठवण येऊ लागली आणि तिने असा काही गळा काढला की दोन खोल्यांतले पाहुणे बाहेर आले. पाहुण्यांसमोर पोरीला टाकून जाणं देवरावला शक्य नव्हतं. स्वयंपाक्यालाही त्याने हवा घालायला बसवलं.

इकडे मचाणावर ऊन भाजत होतं. दोघं फळ्यांवर पालथी पडून फटीतून खाली बघत होती. पिकअप आली. नागसेनने फोनचा कॅमेरा सुरू केला. ड्रायव्हर उतरला आणि त्याने मागची ताडपत्री ओढली. आत मेलेला गोऱ्हा होता. दुसऱ्या दाराने आणखी एकजण उतरला, त्याने गोऱ्ह्याच्या पायाचा दोर सोडला, ड्रायव्हरच्या मदतीने धूड ओढून नाल्याच्या काठावर आणलं आणि ते तिथल्या खुंटाला पक्कं बांधून टाकलं.

ते नवाबभाई होते.

नागसेनने फोन किंचित खाली केला. "बंद करू?" त्याने ओठांनीच विचारलं.

अब्बांनी गाठ ओढून पाहिली, कपाळ पुसलं आणि शर्टावर डाग पडला का ते बघितलं. घरी बकरी बांधतानाही ते गाठ अशीच ओढून बघत.

"चालू ठेव," ती म्हणाली.

पिकअप वळली. जाताना हॉर्न वाजला, दोनदा. उतरायला त्यांना वेळच मिळाला नाही. गवत हललं आणि वाघीण थेट मचाणाखाली येऊन उभी राहिली. काल वर वीस माणसं होती, आज दोनच पोरं होती आणि शिडी खाली लावलेलीच होती. वाघिणीने मान वर केली. अदीबाला तिचे डोळे दिसले, मिशीवर बसलेली माशीसुद्धा दिसली. नागसेनने डोळे घट्ट मिटले. मग वाघीण वळली आणि तिने खाणं सुरू केलं.

नागसेनने चोरट्या हातांनी ती चित्रफीत आईला पाठवली आणि खाली लिहिलं, 'आम्ही मचाणावर आहोत. खाली वाघीण आहे. फोन करू नको, वनखात्याला सांग.' मग त्याने फोनचा आवाज बंद केला.

दवाखान्यातून माधवीताईने कुठे कुठे फोन केले ते तिलाच ठाऊक. ऊन कलायच्या आत वनखात्याची गाडी नाल्यापर्यंत आली. वाघीण गवतात सरकली. वनाधिकारी मडावी मॅडम स्वतः शिडीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोघांना खाली उतरवलं. तेवढ्यात संध्याकाळच्या खेळाचे पाहुणे घेऊन देवराव आला. आधी तो हसला, मग मॅडमना चहाचं विचारू लागला, मग आपल्या जमिनीत आपलं मेलेलं जनावर टाकायला कुणाची परवानगी लागते म्हणाला. मॅडमनी खुंटाला बांधलेला दोर त्याला दाखवला. टाकून दिलेलं जनावर कुणी बांधून ठेवत नाही, असं त्या म्हणाल्या.

पाहुण्यांच्या मागे नवाबभाई होते. मचाणावरून उतरलेल्या पोरीला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तू वर होती? कवापासून?"

"तुमी दोर सोडला तवापासून," अदीबा म्हणाली.

त्यांनी तिला बाजूला नेलं. घाईघाईने सांगू लागले की जनावर मेलेलंच असतं, वाघिणीचं पोट भरतं, लोकांना वाघ दिसतो, आपल्या गाडीला बारा महिने काम मिळतं. कोणाचं नुकसान होते?

"सुकलूकाकाचं माहीत होतं तुमाले?"

नवाबभाईंनी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी मडावी मॅडमसमोर त्यांनी जबाब दिला. काही लपवलं नाही. राजुऱ्याहून, चंद्रपुरातून पाहुणे आणत होतो आणि वाघीण का दिसते ते मला ठाऊक होतं, असं सगळं सांगितलं. बोलावलं की यायचं, या अटीवर मॅडमनी त्यांना घरी जायची परवानगी दिली. अदीबा दाराबाहेर बसून ऐकत होती. ते खरं बोलत आहेत याचं तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिला एकच आशा होती. आता खरं बाहेर आलं, म्हणजे पकडायचा हुकूम मागे घेतील. वाघिणीचा काय दोष? सकाळी तिने मॅडमना तसं विचारलं. मॅडम खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आल्या आणि म्हणाल्या की दोष तिचा नाहीच. पण माणूस म्हणजे खाणं, हे ती शिकली आहे. आणि आता गावातून रोज बाया पानं तोडायला जातात. शिकलेलं तिला विसरायला लावता येत नाही.

"मग कुठे नेणार?"

"नागपूरला. पिंजऱ्यात."

"परत कधी सोडणार?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

पथकाला आता शोधत फिरावं लागलं नाही. पथकातली माणसं मचाणावर चढली आणि खाली गाडीने दोनदा हॉर्न दिला, चित्रफितीत होता तसाच. वाघीण आली. बेशुद्धीचं इंजेक्शन लागल्यावरही ती काही पावलं गाडीच्याच दिशेने चालली, असं पथकातला एकजण नंतर सांगत होता. पोरांना रस्त्यावरच थांबवलं होतं. पिंजऱ्यावर हिरवं कापड टाकलेला ट्रक त्यांच्यासमोरून गेला. खुशबू रडली, आणि या वेळी ते नाटक नव्हतं.

गावात मात्र सभा भरल्यासारखी माणसं जमली होती. सरपंच बोलले, मडावी मॅडम बोलल्या. या पोरांनी डोकं चालवलं नसतं तर आणखी कुणाचा जीव गेला असता, असं म्हणून त्यांनी तिघांची पाठ थोपटली. सुकलू चोर नव्हता हे त्यांनी सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं. बायनाबाईने अदीबाच्या हातात मूठभर चारं, चारोळीची पिकली फळं, ठेवली आणि ती काही न बोलता घरात निघून गेली. सुकलू खाटेवरून उठलाच नव्हता.

दुपारच्या एसटीने माधवीताई आली. तिने तिघांना एकदमच कवेत घेतलं. अदीबाचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तू होती म्हनून हे झालं, बेटा. लई हिंमत केली तू." ती मनापासून बोलत होती.

नवाबभाईंनी पुढे होऊन गाडीचं मागचं दार उघडलं. आता हत्तीकडे जायचा प्रश्नच नव्हता, पण निदान घरी तरी सोडतो, असं ते म्हणाले. माधवीताईने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने पोरांच्या पिशव्या गाडीतून काढल्या, एक नागसेनच्या आणि एक खुशबूच्या खांद्याला अडकवली आणि दोघांना हाताला धरून थांब्याकडे चालू लागली. नागसेनने मागे वळून अदीबाकडे पाहिलं.

"अदीबा, चालतेस काय आमच्यासंगं?" माधवीताईने थांबून विचारलं.

अब्बा दार उघडंच धरून उभे होते. अदीबाने नकारार्थी मान हलवली आणि अब्बांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

आष्टीपर्यंत एसटी पुढे होती आणि त्यांची रिकामी गाडी तिच्या मागे. खुशबूने मागच्या काचेतून हात हलवला. अदीबानेही हलवला. पूल आला, खाली वैनगंगेचं पात्र नुसत्या वाळूचं पसरलं होतं.

"तुले जावं वाटत होतं तिच्यासंगं?" नवाबभाईंनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

"हो."

त्यांनी गिअर बदलला.

"मंग काऊन नाई गेली?"

"तुमी एकटे राह्यले असते," अदीबा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.