भिंत ओरडली तेव्हा

कपाटाचं दार आतून कुणीतरी ओढून धरलं होतं. बाहेरून आलेल्या सुनेनं सगळा जोर लावून ते उघडलं, तर सासूबाई कपड्यांच्या ढिगात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. त्यांची बोटं दाराच्या खाचेत अशी रुतली होती की एकेक करून सोडवावी लागली.

"तो गेला का गं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

सुनेनं नवऱ्याला नाही, पोलिसांना फोन केला. नवऱ्याचं उत्तर तिला पाठ होतं: आईला भास होतात. उद्या सकाळी तो आईला वृद्धाश्रमात नेऊन सोडणार होता. तिथली खोलीसुद्धा ठरली होती.

फौजदार बाई आल्या. त्यांनी आधी दार पाहिलं. लॅच नवंकोरं, त्यावर ओरखडाही नव्हता. खिडक्यांना गज होते आणि ते जागच्या जागी होते.

"आजी, काय पाहिलंत?"

"त्याला तोंड नव्हतं." सासूबाई हळूच म्हणाल्या. "गोल, काळं, गुळगुळीत डोकं. मी फटीतून पाहिलं. मग धाडकन काहीतरी पडलं. तो बाहेर गेला, आणि मला उठायचं बळ येईपर्यंत परत आला. आणि मग भिंत ओरडायला लागली."

सुनेला रडू फुटलं. तिला भीती दोन्हीकडून होती. सासूबाई खरं बोलत असतील, तर बंद घरात कुणीतरी येत होतं. खोटं असेल, तर सासूबाई हातातून निसटत चालल्या होत्या. यातलं बरं कोणतं, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

"याआधी काही घडलं होतं?"

"आईंच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. मग माझी साखळी. हे म्हणतात, आईच कुठेतरी ठेवतात आणि विसरतात."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

सासूबाईंनी सुनेचा दंड घट्ट पकडला. फौजदार बाईंचा हात कमरेकडे गेला. लॅच खटकन उघडलं आणि आत आला तो घरचाच मुलगा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, फक्त सासूबाईंचा नाही.

"पोलीस? आईच्या भासांसाठी?" तो वैतागला.

"किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"दोनच आल्या होत्या. एक माझ्याकडे, एक हिच्याकडे. आई घरातच असते, तिला कशाला हवी?"

"आल्या म्हणजे?"

आता त्याचा चेहरा खुलला. खरेदीचा विषय निघाला की तो आजारपणातही उठून बसला असता. "लॅच फुकट आलं, मॅडम, ड्रिल मशीनवर. दुकानापेक्षा निम्म्या किमतीत मशीन, बिटांचा सेट, वर हे लॅच! आमच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफरभाऊची कृपा. तो सगळ्यांची ऑर्डर एकत्र करतो, म्हणजे सूट वाढते. माल त्याच्याकडे येतो, तो घरोघर पोचवतो. आता इमारतीत घरटी एक मशीन आहे. दिवसभर कान किटतात. लॅच मीच बसवलं. आतल्या खोलीतली फळीसुद्धा!"

"ती फळी!" सून डोळे पुसत म्हणाली. "आज सकाळीच तिच्यावरून डबा घरंगळत खाली आला. फळी कसली, घसरगुंडी आहे."

"सेटमधले स्क्रू जरा आखूड निघाले," तो पुटपुटला.

फौजदार बाई आत गेल्या. त्यांनी एक गोल पेन्सिल फळीवर आडवी ठेवली. ती जागची हलली नाही. मग त्यांनी फळीखालच्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"ऑफरभाऊंना बोलवा," त्या म्हणाल्या.

ऑफरभाऊ हसतच आला. कुणाला ग्राइंडर हवा असो नाहीतर करवत, इमारतीतला प्रत्येक माणूस आधी त्याला विचारायचा. तो बाहेरच्या खोलीत ऐसपैस बसला.

"या घरात शेवटचं कधी आलात?"

"मशीन द्यायला. महिना झाला. तेही दारातूनच गेलो."

"आतली फळी पाहिलीत?"

"कुठली फळी? नाही बुवा."

"यांनी लावली आहे, आखूड स्क्रूंवर. एक दिवस आजींच्या डोक्यात पडणार."

"पडेल कशी?" ऑफरभाऊ हसला. "चांगले लांब स्क्रू आहेत तिला, भिंतीतल्या प्लगसकट. माणूस लोंबकळला तरी..."

तो थांबला.

फौजदार बाईंनी खिडकीतून खुणेनं खाली थांबलेल्या शिपायांना ऑफरभाऊच्या घरी पाठवलं आणि त्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या.

"आजी, तुम्ही पाहिलंत ते हेल्मेट होतं, काळी काच खाली ओढलेलं. डबे उचकताना फळी निखळली, तोच तो धाडकन आवाज. ती तशीच पडू दिली असती, तर कुणीतरी आत आलं होतं हे उघड झालं असतं. म्हणून तो वर जाऊन स्वतःचं मशीन घेऊन आला. त्यानं नवी भोकं पाडली, तेव्हा तुमची भिंत ओरडली. शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल, पण घरोघर मशीन असताना त्या आवाजाला कोण धावणार? जुनी भोकं फळीखाली अजून उघडी आहेत. यांनी वाकडी लावलेली फळी त्यानं सरळ लावली. वाकडी लावायला त्याचा हातच धजला नाही."

"पण किल्ली?" मुलानं विचारलं.

"मशीनवर लॅच फुकट नव्हतंच. ते यानं पदरचं घातलं आणि प्रत्येक खोक्यातली एक किल्ली काढून घेतली. फुकट मिळालेल्या वस्तूत काय कमी आहे, ते कोण मोजतं?"

"पण आई घरात असताना?"

"आई आहे, पण आईचं कुणी ऐकत नाही, हे त्याला माहीत होतं. आईला भास होतात, हे जिन्यात ज्याला त्याला तुम्हीच सांगत होतात ना?"

शिपाई किल्ल्यांचा जुडगा आणि एक बांगडी घेऊन खाली आले.

"बांगडी माझ्या बायकोची आहे," ऑफरभाऊ उसळला. "मला आत पाहिलं कुणी? या म्हातारीनं? तिचा मुलगाच तिला वेडी म्हणतो. विचारा त्याला!"

"माझी आई सांगते ते खरं आहे," मुलगा म्हणाला. "लिहून घ्या, मॅडम. ती म्हणेल तसंच लिहून घ्या."

ऑफरभाऊला घेऊन गेले, तरी सासूबाईंची भीती जाईना. सुनेनं पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"आता कशाला घाबरतेस, आई? गेला तो."

"त्याला नाही रे." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "उद्या मी इथेच राहू ना?"

तो त्यांच्या पायाशी बसला. "इथेच, आई, इथेच," तो म्हणाला. पण त्यांना ते खरं वाटेपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.